घोंगडीचं टोपडं

सकाळी धुळानं मोटारीच्या इंजिनातलं तेल मोजायची सळई बाहेर काढली, पुसली आणि पुन्हा घालून बघितली. काल वरच्या खुणेपर्यंत असलेलं तेल आज खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. मध्ये गाडी चालली होती ती फक्त दहिवडी ते म्हसवड, एकदा जाऊन परत.

तो गाडीखाली वाकला. जमीन कोरडी ठणठणीत. गळतंय म्हणावं, तर थेंब नाही.

"धुळा, तेल जातं कुठं?" डॉक्टर फडे मागे येऊन उभे होते. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच धुळाला भीती वाटली.

"बगतुय साहेब."

"महिना झाला बघतोयस. शनिवारपर्यंत सांग. नाहीतर किल्ली आणून दे."

धुळा माण तालुक्यातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. लढाईत तो लॉरी चालवायला शिकला, आणि १९४६च्या जानेवारीत परतल्यावर डॉक्टरांच्या मोटारीवर लागला. गावात मोटार एकच, तिचा ड्रायव्हरही एकच. पण त्याच्या गुंडा नावाच्या मेव्हण्यानं त्याच सुमारास पलूसला उसासाठी विहिरीवर इंजिन बसवलं. तेल तर लढाईपासून कुठं मिळत नव्हतं. मग माणसं पारावर बसून बोलायला लागली, की डॉक्टरांचं तेल पलूसचा ऊस पितो. ही बोलणी डॉक्टरांच्या कानावर गेली असणार, हे धुळा ओळखून होता. नोकरी गेली तर परत मेंढरं होतीच; पण चोर म्हणून गेली, तर त्या मेंढरांमागं तरी कुठल्या तोंडानं चालायचं?

गुरुवारी औषधं आणायला तो साताऱ्याला गेला, तेव्हा तात्याबा मिस्त्रीला गाडी दाखवली. तात्याबानं मागचा निळा धूर बघितला आणि हात झटकले.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या रं गड्या. इंजिन खोलाय पायजे, अन् नव्या रिंगा मुंबईत बी न्हाईत."

"कवा येतील?"

"ते गोऱ्याला इचार. जाता जाता सांगंल."

भोवतालची माणसं हसली. धुळाला हसू आलं नाही. रिंगा गेल्या असत्या तर गाडीचा जोर कमी झाला असता. ही तर चढ तशीच चढत होती.

पुसेगावला त्यानं तेलाची भर घालायला गाडी थांबवली. एरवी तो इंजिन बंद करून, थोडं थांबून तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढायचा. आज बॅटरी उतरली होती, म्हणून इंजिन चालूच ठेवलं. झाकण फिरवलं, तसं ते हातातून उडालं आणि तेलाची गरम वाफ भसकन तोंडावर आली.

डोळे पुसत तो तसाच उभा राहिला. ही वाफ रोज जाते कुठं? बाजूला एक नळी होती, तिच्यातून बाहेर पडायची. आणि त्या नळीला महिन्या-दीड महिन्यापूर्वी त्यानंच टोपडं बांधलं होतं. माणचा फुफाटा इंजिनात जाऊ नये म्हणून, जुन्या घोंगडीचा तुकडा कापून, बायकोकडून, हरणाबाईकडून, शिवून घेऊन. सुरुवातीला लोकरीतून वाफ जात असेल. मग तेल आणि धूळ मुरून ती शेणीसारखी कडक झाली होती. कोंडलेली वाफ गाडी पळताना तेलाला सांध्यासांध्यातून बाहेर ढकलत होती, काही धुरात घालवत होती. इंजिन थांबलं की गळती थांबायची. म्हणून तर जमीन कोरडी!

टोपडं काढून तो दहिवडीला आला. धूर विरळ झाला होता. सळई काढली; तेल उतरलंच नव्हतं.

पण खरा पेच आता सुरू झाला. गप्प राहिलं तर डॉक्टर म्हणणार, दम दिला तशी चोरी थांबली. सांगितलं, तर गाडी यानंच बिघडवली.

दोन दिवस तो टोपडं खिशात घालून फिरला. शनिवारी सकाळी त्यानं डॉक्टरांना बोलावलं, त्यांच्यासमोर ते टोपडं पुन्हा नळीला बांधलं आणि इंजिन चालू केलं.

"थोडं थांबा, अन् झाकान फिरवा साहेब. तोंड बाजूला ठेवा."

झाकण उडालं. डॉक्टरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तेलाची नक्षी उमटली. धुळानं झाकण लावून इंजिनाचा वेग वाढवला. डॉक्टर स्वतः गाडीखाली वाकले. एक थेंब त्यांच्यादेखत जमिनीवर पडला, मागोमाग दुसरा.

"अरे, श्वासच कोंडलास की तिचा!"

"व्हय साहेब. माझ्याच हातानं."

"गुपचूप काढून टाकायचंस."

"मग तुमी काय म्हनला असता?"

डॉक्टर सदरा पुसायला लागले. एवढ्यात कंपाउंडरनं पेशंटसाठी हाक मारली आणि ते आत निघून गेले.

दिवसभर धुळा दवाखान्याच्या दारात बसून होता. कुणी किल्ली मागितली नाही, कुणी असू दे म्हणालं नाही. दिवेलागणीला तो घरी आला. हरणाबाई चुलीपुढं बसून होती. पीठ परातीत तसंच कोरडं.

"आवं, सांगितलासा?"

"सांगितलं."

"मग? काय म्हनलं?"

"सकाळी कायच न्हाई. आत्ता निघताना म्हनले, उद्या पलूसला एक पेशंट बघायचाय, सातला गाडी काढ."

"पलूसला?" ती दचकली. "गुंडाच्या गावाला? आनि काय?"

"म्हनले, जाताना तुझ्या मेव्हन्याकडं चा घेऊ. लोकांनाबी दिसू दे."

हरणाबाईनं परात जवळ घेतली. तिनं तांब्या ओढला आणि पिठात पाणी घातलं.