पाठीवरचा पिवळा ठिपका

आमच्या या बाईला सगळे भुंगेताई म्हणतात, आणि ती रागावतसुद्धा नाही. मोठ्या रस्त्यापलीकडच्या माळावर जायचं, जाळीत भुंगा धरायचा, पाठीवर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा नि सोडून द्यायचा, हा तिचा पगारी उद्योग! माळावर इमारती उठणार होत्या. अलीकडच्या बागांना फळ धरतं ते माळावरच्या भुंग्यांमुळे, एवढं दाखवता आलं तर माळ वाचायची आशा होती. पण रस्त्याच्या अलीकडे ठिपकेवाला भुंगा दिसेल तर शपथ.

मधूनमधून शाळांत भाषणंही ठोकायची. भुंगा आला की घाबरू नका, शांत उभे राहा.

तर एका रविवारी बाईसाहेब रस्त्याच्या अलीकडच्या आपल्या घराच्या गॅलरीत ओले केस विंचरत बसल्या होत्या. केसांत काहीतरी घोंघावलं. मग काय, असा टाहो फोडला, असे केस झटकले, की खाली पडलेल्या जिवावर चप्पल कधी बसली ते तिलाही कळलं नाही. सासूबाई धावत आल्या. चप्पल उचलून बघतात तर पिवळा ठिपका.

"अगं, हा तर तुमच्यातलाच," सासूबाई म्हणाल्या.

भुंगेताईच्या तोंडचं पाणी पळालं. कुणाला सांगू नका म्हणून तिने त्यांना गळ घातली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत भुंग्याची डबी ठेवली आणि गॅलरीत मेलेला सापडला, असं सांगून मोकळी झाली. टाळ्या पडल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, तर इतक्या खूश, की अहवालावर पहिलं नाव तिचंच, असं जाहीर करून बसल्या. हिला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालेलं.

मोठ्या बाईंनी भुंगा भिंगाखाली धरला. पंख कोरे करकरीत, म्हातारा नव्हे. मग मेला कशाने? तुमच्या इमारतीचा माळी औषध फवारतो ना, म्हणत त्यांनी तक्रार करायला फोन उचलला. तो गरीब माळी औषधाच्या बाटलीला हातही लावत नाही.

"औषध नाही, बाई. चप्पल. माझी."

कुणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. बाईंनी फोन खाली ठेवला. माझं नाव काढून टाका, असं ही पुटपुटली.

"नाव राहील," बाई म्हणाल्या. "कसा मेला तेही राहील. लिही तूच."

भुंगेताई लिहायला बसली. कानशिलं अशी तापलेली, की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने न विचारता पंखा तिच्याकडे वळवला. तिला त्याचीही लाज वाटली.