पाठ कर गो, बाय

"पाठ कर गो, बाय."

पनवेलच्या भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत तुमचं कधी जाणं झालं असेल, तर हे शब्द तुम्हीही ऐकले असतील. माझ्या ब्युटी पार्लरच्या पायरीवर एक फुलवाली मावशी टोपली घेऊन बसायची. गिऱ्हाईक समोर आलं तरी त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. एक बोट हवेत गोल फिरवायची आणि म्हणायची, "पाठ कर गो, बाय." मग ती बाई डॉक्टरीण असो नाहीतर कोळीण, निमूट पाठ फिरवून उभी राहायची. ही शेपटा हातात घेऊन तोलणार, बोटांनी चाचपणार आणि कुठली वेणी द्यायची ते स्वतःच ठरवणार. गिऱ्हाइकाला कुणी विचारलंय?

एकदा खारघरची एक बाई मोगऱ्याची भरगच्च वेणी मागत होती. हिने तिचे केस चाचपले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "तुज्या केसांना भार झेपायचा नाय. चार कल्या लाव, बास झाला." बाई फणकाऱ्याने निघून गेली. मी वरून ओरडले, "मावशी, अशानं धंदा बसेल तुझा!"

"बसू दे. डोकीला खोटा बोलाचा नाय," ती म्हणाली आणि पुढच्या वेणीला बसली.

आमची ओळख भांडणातून झाली होती. मी नवीनच पार्लर थाटलं होतं. केर काढताना वारा आला आणि कापलेले केस उडून तिच्या टोपलीत पडले. काय तोंड सोडलं म्हणून सांगू! "देवाची फुला हाय ती!" मीही काही कमी नव्हते. "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" म्हणून मोकळी झाले. चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी दुपारी ती स्वतःच वर आली, जमिनीवरचे केस गोळा केले, वर्तमानपत्रात बांधले आणि निघाली.

"कुठे नेतेस ते?"

"केस पायाखाली नाय घालाचा."

पुढे रोजचंच झालं. ती ते केस गावी नेऊन माडाच्या बुंध्याशी पुरायची. नेऱ्याच्या बाजूला तिचं घर, दारात दोन माड. ते पनवेलच्या बायकांच्या केसांवर पोसलेत असं मी चिडवायचे. मग दिवाळीला ती दोन शहाळी आणून माझ्या काउंटरवर आदळायची आणि म्हणायची, "घे, तुज्या गिऱ्हाइकांनी पाठवलीत."

तिचे स्वतःचे केस मी बरेच दिवस पाहिलेच नव्हते. डोक्यावरून पदर कायम. एकदा पावसात भिजली म्हणून तिला वर बोलावलं आणि टॉवेल दिला. तिने अंबाडा सोडला आणि मी हातातली कात्री खाली ठेवली. गुडघ्यापर्यंत केस. दाट, राठ, लाटालाटांचे, जेमतेम चार-दोन पांढरे. तिच्याकडची एकसुद्धा वेणी त्यांना पुरली नसती.

"मावशी, एवढे केस आणि एक फूल नाही?"

"मालनारा गेला," ती म्हणाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यात माळायची, आणि उरलेल्या वेण्या संध्याकाळी मारुतीला वाहून गाडी पकडायची.

शनिवारी तिच्याबरोबर तिची नात यायची. मुलाची मुलगी, आठ-नऊ वर्षांची, आजीच्या टोपलीतल्या कळ्या निवडत बसायची. तिच्याही केसांना तीच लाट होती. आजी सगळ्यांना सांगायची, "पाठ करून उबी केली ना, तरी कोनी बी सांगल ही माजी म्हनून."

मग त्या पोरीला चाई लागली. आधी कानामागे केस गळून रुपयाएवढा चट्टा, मग दुसरा, मग तिसरा. गुंजेचा पाला झाला, कांद्याचा रस झाला, डॉक्टर झाले. डॉक्टर म्हणाले, केस परत येतील किंवा येणारही नाहीत, मुलीला दुसरं काही झालेलं नाही. शाळेतल्या पोरांना हे कोण सांगणार? वर्षभरात पोरीच्या डोक्यावर रुमाल आला. ती टोपलीजवळ भिंतीला पाठ टेकून बसू लागली, म्हणजे मागून कुणाला दिसायला नको. आणि अख्ख्या पनवेलला पाठ करायला लावणारी ही बाई त्या एका पोरीला कधी ते शब्द बोलली नाही.  

त्याच सुमारास कॉलेजची एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वेणी घालून कापा, मला केस दान करायचेत." मी कापले. ती वेणी हातात धरून खाली उतरली, तर मावशी धडपडत उठली. "कोन मेला गो हिचा?"

मी समजावलं, की मेलंबिलं कुणी नाही. ज्या मुलांचे केस गेलेत त्यांच्यासाठी एक संस्था अशा केसांचे टोप बनवते, फुकट देते. मावशी ऐकत होती.  त्या दिवशी तिच्या हातातला दोरा मात्र सारखा तुटत होता.

पुढे शाळेचं गॅदरिंग आलं. कोळी नाच. सगळ्या पोरींच्या अंबाड्यांना मावशीनेच वेण्या करून दिल्या. बाईंनी नातीला नावाड्याचं काम दिलं, डोक्यावर लाल टोपी. बाईंचं मन चांगलंच होतं हो, पोरीला रुमाल घालून नाचायला लागू नये एवढंच त्यांनी बघितलं. पोर छान नाचलीही म्हणे. पण घरी आल्यावर तिने टोपी काढली आणि आजीला विचारलं, "मना कवा घालशील गो वेनी?"

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायच्या आधीच मावशी दारात उभी होती. "माजा केस काप. आनि तिच्या डोकीला लाव."

मी तिला खुर्चीत बसवून सांगितलं, की मावशी, तसं नसतं. नातीचं नाव संस्थेला कळवायचं, डोक्याचं माप द्यायचं, मग टोप येतो. एका टोपाला कितीतरी जणींचे केस लागतात. सगळे एकत्र होतात. तुझे केस कुठल्याही मुलाला जातील आणि तुझ्या नातीला दुसऱ्याच कुणाचे येतील. तिने मान डोलावली. मला वाटलं, समजलं.

बुधवारी ये, डोकं धुऊन, कोरड्या केसांनी ये, असं बजावलं होतं. आली ती तेल थापून! मानेवर ओघळ आले होते. मी कपाळावर हात मारला. "अगं, तेलकट केस घेत नाहीत, किती वेळा सांगितलं!"

"कोरडा केस द्याचा? भीक घातल्यावानी?" तिने मलाच झापलं. नातीला द्यायचे म्हणून रात्रभर खोबरेल जिरवलं होतं तिने. मी सगळी गिऱ्हाइकं परत पाठवली, तिचे केस धुतले, वाळवले आणि वेणी घातली. त्या वेणीचा भार माझ्या एका हातात मावेना. मी म्हटलं, "मावशी, कापायच्या आधी एक मोगऱ्याची माळते. एकदाच. फोटो काढते."

"नको," ती म्हणाली. "काप."

कात्री चालेना इतके राठ केस. कापून झाल्यावर तिने मानेवरून हात फिरवला, मोकळी जागा चाचपली आणि पटकन पदर घेतला. मग माझ्या हातातली वेणी घेतली, मी लावलेले रबरबँड काढून टाकले आणि दोन्ही टोकांना केळीचा सोप बांधला. वेण्या ज्यावर विणतात तो धागा. त्याची तिची एक खास गाठ होती, दोन वेढे घेऊन आत वळवलेली. मार्केटातल्या सगळ्या फुलवाल्या एकमेकींच्या गाठी ओळखतात.

"माजी गाठ हाय. आता हरवाचा नाय," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझं बोलणं तिच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. पण ती इतकी निर्धास्त दिसत होती, की मी गप्प बसले आणि तसंच पाकीट केलं. तुम्ही असता तर काय केलं असतंत?

टोप यायला बरेच महिने लागले. तेवढे दिवस ती नातीला सांगत होती, "माजेच केस तुना येनार. गाठ घातलीय मी." पोर दर शनिवारी मला विचारायची, आले का आजीचे केस?

अखेर डबा आला. मापाचा, खांद्यापर्यंतचा, काळाभोर टोप. मी आरशासमोर पोरीच्या डोक्यावर बसवला. तिने आरशात बघितलं, मान इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि हसली. दीड वर्षानं हसताना बघत होते मी तिला. मग ती मावशीकडे वळली. "आजी, तुजेच ना गो?"

मावशीने केस हातात घेतले. बोटांनी चाचपले. टोपाची कड उलटून आत बघितलं. आत नुसती जाळी, शिवलेली. गाठ कुठेच नाही. केस मऊ होते, बारीक आणि सरळ.  ही बाई, जी खारघरच्या गिऱ्हाइकावर पाणी सोडायची पण डोक्याला खोटं बोलायची नाही, ती आता काय बोलते?

"माजेच गो," ती म्हणाली. "धुतल्यावर मऊ झाले."

मग तिने टोपलीतली अबोलीची वेणी उचलली. बोट हवेत फिरवलं.  "पाठ कर गो, बाय."

पोरीने झटकन पाठ केली. किती दिवसांनी!

पोर खाली पळाली तशी मावशी माझ्या खुर्चीत कोसळली. "माजे नाय ते," म्हणाली. "मंग माजे कोनाच्या डोकीवर गेले?" आणि तोंडात पदर कोंबून रडली. मीही रडले. कोणाचं चुकलं म्हणायचं?

पण त्यानंतर तिला एक खोडच लागली. पायरीवर बसल्या बसल्या ती येणाऱ्याजाणाऱ्या मुलींच्या पाठी बघायची. एखादी लाटालाटांच्या केसांची दिसली, की वेणी विकायच्या निमित्ताने हाक मारायची, केस हातात घेऊन चाचपायची आणि सोडून द्यायची. शाळा सुटायच्या वेळेला तर टोपलीकडे लक्षच नसायचं. मी रागवायचे, "मावशी, हिंदुस्थान केवढा आहे! ते पनवेलात कशाला येतील?"

"आले तर?" ती म्हणायची.

गेल्या वर्षी एका सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. गाडीत घालून पनवेलला आणेपर्यंत वाटेतच गेली. निरोप आला तशी मी पार्लर बंद करून नेऱ्याकडे निघाले. अंगणात माडाखाली तिला आंघोळ घालून झाली होती. बायका म्हणाल्या, तुमी केस विंचरा. मी बसले. कापलेले केस खांद्याखाली वाढले होते. तसेच राठ, तशीच लाट.

नात ओटीवर सकाळच्या फुलांशी बसली होती. आजीने पहाटे खुडून ओल्या फडक्यात ठेवलेल्या मोगऱ्याच्या कळ्या. सगळ्यांना वाटलं, पोर हार करतेय. ती जवळ आली तेव्हा हातात वेणी होती. टोकाला गाठ, दोन वेढे घेऊन आत वळवलेली.

तिने आजीचे केस हातात घेतले आणि बोटांनी चाचपले, अगदी आजी चाचपायची तसे. मग दुसरा हात आपल्या डोक्यावरच्या टोपाला लावला. बराच वेळ दोन्ही हात तसेच होते. तिने माझ्याकडे बघितलं. मला तिच्याकडे बघवेना. तिला जे कळायचं ते कळलं होतं.

"रांडमुंड बाईच्या डोकीत फुला?" मागून कुणीतरी म्हातारी पुटपुटली.

"गप्प बसा हो!" मी खेकसले. "आयुष्यभर सगळ्यांना माळली तिनं!"

पोरीचं लक्ष नव्हतं. ती आजीच्या कानाशी वाकली. वेणी मागून केसांत माळायची, आणि आजी तर उताणी निजलेली. पोरीने एक बोट हवेत गोल फिरवलं.

"पाठ कर गो, आजी."

 मग ती पुटपुटणारी म्हातारीच आधी पुढे आली. आम्ही चौघींनी मावशीला हलकेच कुशीवर वळवलं.