भैया रिंगला का लटकले नाहीत?

मंडळी, आज सकाळी आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मैदानावर बास्केटबॉलच्या नव्या रिंगचं उद्घाटन झालं. पाहुणे होते नगरपालिकेच्या पार्षदपदाचे उमेदवार, एकेकाळचे व्यावसायिक खेळाडू.

शेजारची पोट्टी ओरडली, "भैया, रिंग पकडके लटको ना!"

"उमर हो गई, बेटा," म्हणत त्यांनी लांबूनच बॉल टाकला. टाळ्या पडल्या.

मला शंका आली. कॉलेजात मीही खेळले आहे. जाऊन खांब ढकलला, तर तो चक्क हलला. बुडाशी सिमेंट नाही, नुसती माती लोटलेली.

गाडीत बसताना त्यांना गाठलं. "दीदी, चुनाव के बाद पक्का कर देंगे."

म्हणजे त्यांना माहीत होतं!

मी दोर बांधून खेळ बंद केला आहे. पोरी चिडल्या आहेत, पण माझ्यावर.

तुमच्या पाऱ्यातला खांब तुम्ही हलवून पाहिला का?