भट्टीवाल्या चाचांची वाटी

लेकीच्या सासरची मंडळी जेवायला यायची होती आणि ऐन वेळी ओव्हन बंद पडला. मोसंबी-बदामाच्या केकचं मिश्रण डब्यात घेऊन मी गुलमंडीमागच्या बेकरीत धावले. तिथं बायका घरची नानकटाई भाजून घेतात आणि भट्टीवाल्या चाचांसाठी थोडा वाटा देतात. म्हणून मी त्याच मिश्रणाची एक वाटीही भरून नेली होती.

चाचांनी डबा, वाटी आत सरकवली आणि भट्टीकडे चक्क पाठ करून बसले. घड्याळ नाही, काही नाही. बाकावर बसलेल्या आम्हा बायकांकडेच टक लावून बघत राहिले. मला रागच आला.

"चाचा, करपेल ना!"

ते नुसते हसले.

थोड्या वेळानं मोसंबीच्या सालीचा वास आला, मग भाजल्या बदामाचा. माझे डोळे आपोआप मिटले. तेवढ्यात चाचा ताडकन उठले. केक फुगलेला, सोनेरी!

"कसं कळलं हो?"

"ताई, कोरोनात माझं नाक गेलं. वास नाय, चव नाय. आता तुमची तोंडं बघून भट्टी उघडतो."

मग त्यांनी वाटीतला केक मोडला आणि पहिला घास मला दिला. मी तो खाताना चाचा माझ्याकडे बघत राहिले आणि खूश होऊन म्हणाले, "लई भारी झालाय!"