तिसऱ्या दिवसाचे डोळे

बन्सीधरची चिठ्ठी मी मोठ्यानं वाचली, तिथंच घोळ झाला. तेव्हा सरकारी भाषा उर्दू, म्हणून परभणीच्या दवाखान्यातला कागदही उर्दूत. पोखर्णीत उर्दू वाचणारा मी एकटा, आणि दुकानाच्या ओट्यावर ऐकायला दहाजण. एवढा दरबार भरल्यावर हळू कोण वाचतंय? "सुजाक!" मी म्हटलं. म्हणजे आपला परमा, बाहेरख्याली माणसाला लागणारा गुप्तरोग. ओटा खदखदून हसला. बन्सीधरनं कागद हिसकावून फाडला आणि 'उन्हाळी लागलीय' म्हणत घरी सब्जाचं पाणी पीत बसला.

संध्याकाळी सुईण बायनाबाई माझ्या दारात. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, मीसुद्धा.

"मुन्शी, चिठ्ठीत फुडं काय व्हतं?"

"बायकोलाही घेऊन या, असं."

"मग ते का न्हाई वाचलं?"

"लोकांचं हसू थांबेना, मावशी."

"लय शिकलास बाबा." ती उंबऱ्यावर टेकली. "बाप्याला जळजळ तरी व्हती, बाईला कायबी कळत न्हाई. त्याच्या बायकूला, नर्मदाला, नववा लागलाय. लेकरू त्याच वाटंनं येणार. तिसऱ्या दिशी डोळे सुजत्यात, पू येतो. लोक म्हणत्यात, सटवाई कोपली. दोन लेकरं आंधळी झालेली पाह्यलीत मी. दोघांचेबी बाप सब्जाच पीत व्हते."

ती तशीच बन्सीधरकडं गेली. तो म्हणाला, "जळजळ थांबली की. बरा झालो."

"धूर दिसंना म्हणून इस्तू विझला व्हय रं?"

त्यानं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला परभणीला पिटाळलं. डॉक्टरांनी काळ्या शिशीत थेंब दिले. म्हणाले, "जन्मल्याबरोबर डोळे पुसून एकेक थेंब. पण यानं आईबापांचा रोग जात नाही. त्यांना गोळ्या लागतील, दोघांनाही. पाठव त्यांना."

आठवड्यानं मुलगी झाली. बायनाबाईनं थेंब घातले, काजळाची डबी घेऊन आलेल्या सासूला, कडूबाईला, बाहेर काढलं आणि तीन दिवस बाजेशेजारून हलली नाही. मीही तिकडून उगाच चकरा मारायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीनं दोन्ही डोळे उघडले. स्वच्छ. दाराच्या उजेडाकडं टकामका बघत राहिली.

बन्सीधर ओट्यावर येऊन म्हणाला, "बघा, कुठं काय झालं? म्हातारीनं उगं भेव घातलं." ओट्यानं मान डोलावली.

परभणीला दोघंही गेले नाहीत. नर्मदाबाईच्या ओटीपोटात अधूनमधून कळ येते. घरात तिला वाताची कळ म्हणतात.

बाळंतपण झालं की सुईणीला चोळीचा खण देतात. बायनाबाईचा खण बन्सीधरनं अजून दिलेला नाही.