झाकलेलं ताट

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षेच्या पेपराबाहेर मी कधी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे लिहायला बसलो याचाच आधी संकोच वाटतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

जालन्याला होस्टेलवर माझं वजन फार वाढलं होतं. मोबाइलवर पाहून मी सोळा तासांचा उपास सुरू केला. दुपारी जेवायचं, दिवस मावळायच्या आत शेवटचा घास, मग नुसतं पाणी. सुरुवातीला पोट ओरडायचं. नंतर भूकच लागेनाशी झाली. वजन भराभर उतरलं आणि मग काटा एका जागी थांबला. कमी अन्नाची सवय झाली की शरीर आपला खर्च कमी करतं, असं वाचनात आलं. खरंच असावं, कारण मला उन्हातसुद्धा थंडी वाजायची. गालफडं वर आली होती.

सुट्टीत गावी जाताना राजूरला चहा प्यायला थांबलो. टपरीवरचा म्हातारा माझ्याकडे टक लावून बघत राहिला. म्हणाला, "कधी आला रे? तुझा भाऊ लई वाट पाहून राह्यला."

मला भाऊच नाही.

माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, घरात त्यांना लहान्याच म्हणायचे, मी पाळण्यात असताना कामाला म्हणून सुरतेला गेले ते परतलेच नाहीत. वारल्याची खबर नाही, म्हणून तेरवी नाही. आमच्याकडे रोज संध्याकाळी त्यांचं ताट वाढून झाकतात. सकाळी ते गाईला जातं.

वडील दारातच होते. मला पाहून म्हणाले, "लहान्या?" आणि लगेच बैलाकडे वळले.

संध्याकाळी मी जेवणार नाही म्हटलं, तेव्हा आईने सवयीने माझंही ताट झाकलं. दोन ताटं शेजारी शेजारी. ती बघत राहिली, मग माझ्या ताटावरची झाकणी काढून म्हणाली, "घरात एकच झाकलेलं बरं. जेव."

"जायच्या आधी त्याचीबी भूक अशीच मेल्ती," वडील हळूच म्हणाले.

मी जेवलो. वडील प्रत्येक घासाकडे बघत होते, पण मला बघत नव्हते.

होस्टेलवर परतल्यावर उपास सोडला. गाल भरले, थंडी गेली. परवा वडिलांचा फोन आला. काकांच्या सोबत कामाला असलेला हसनाबादचा एक माणूस घरी आला होता.

"लहान्या वारून लई वर्सं झाली म्हणं," ते म्हणाले. "आजपासून ताट झाकायचं न्हाई."