मागं राहिलेला आवाज

शिराळ्याच्या शाळेत मानसिंग मास्तर इंग्रजी शिकवत. त्यांच्या मते ही भाषाच मुळात लबाड. लिहायचं 'कोलोनेल' आणि म्हणायचं 'कर्नल', याला काय अर्थ? कारणं देत बसण्यापेक्षा मास्तर शब्द घोकून घेत. आधी ते म्हणणार, मग सगळा वर्ग एका सुरात.

शिवतेज नावाचा एक पोरगा मात्र नेहमी मागं राहायचा. सगळ्यांचं म्हणून झालं, की त्याचा एकट्याचा घोगरा 'कर्नल' यायचा. "गाडी चुकली रं तुझी!" मास्तर खेकसायचे आणि वर्ग हसायचा.

शिवतेज पुढं फौजेत गेला आणि तिरंग्यात गुंडाळून परत आला.

तेव्हापासून वर्गाचं म्हणून झालं, की मास्तर क्षणभर थांबत. मागच्या भिंतीकडून त्यांना तो आवाज ऐकू यायचा, तसाच घोगरा. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. मास्तरांचं डोकं फिरलं म्हणायला लोक टपलेलेच. आताच्या पोरांना तर शिवतेज हे नावही ठाऊक नव्हतं.

परवा मास्तरांनी मनाशी ठरवलं, बास झालं आता.

"कर्नल!" ते म्हणाले.

"कर्नल!" वर्ग गरजला.

मास्तर थांबले नाहीत. पुढचा शब्द लिहायला त्यांनी लगेच फळ्याकडे तोंड फिरवलं.

पहिल्या बाकावरची क्रांती गडबडीनं उठली.

"आवं सर, थांबा की," ती म्हणाली. "मागच्याचं अजून म्हणायचं ऱ्हायलंय."